जाळीखालचा आवाज

८ डिसेंबर, सोमवार
आले एकदाची लातूरला! आज डाळमिलच्या ऑफिसात रुजू झाले. हैदराबाद, बंगळूर, सोलापूरचे व्यापारी फोन करतात, कुणाला किती पोती डाळ हवी ते लिहून घ्यायचं. उदगीरची असल्यामुळे मला कन्नड येतं, म्हणूनच शंकरप्पा मालकांनी घेतलं. ऑफिस माळ्यावर, राहायची खोलीही त्याला लागूनच. खिडकीतून अख्खी मिल दिसते. तूर ओतायचा खोल खड्डा, त्यावर लोखंडी जाळी, तळातून दाणे वर ओढणारा पट्टा. उन्हात पिवळी धूळ तरंगते, हळद उधळल्यासारखी. दाणे निवडणाऱ्या सिंधुबाईंनी जेवताना त्यांची भाकरी अन् ठेचा पुढे केला. परकं वाटलंच नाही.
पंचाईत एकच. मशीनची घरघर इतकी, की पलीकडचा ‘नलवत्तु’ म्हणतो की ‘ऐवत्तु’ ते कळत नाही. चाळीस पोत्यांच्या जागी पन्नास लिहून बसले.

१० डिसेंबर
मामेभाऊ अमरेश नांदेडला मोबाईलच्या दुकानात आहे. त्याने एसटीच्या पार्सलने इअरबड्सच्या दोन जोड्या पाठवल्या. एक कानाबाहेर अडकवायची. कान मोकळा राहतो, फोन ऐकू येतो आणि कुणी हाक मारली तर तीही. दुसरी कानात घट्ट बसते, बाहेरचा आवाज गिळून टाकते. दोन्ही वापरून बघ, नको ती परत पाठव, म्हणाला.
आज कानाबाहेरची लावली. हलकी आहे, पण मशीन होती तिथेच. मालक म्हणाले, हीच ठेव, मिलमध्ये हाक ऐकू आलीच पाहिजे. एवढ्याशा गोष्टीला ते इतके गंभीर का झाले, कळलं नाही.

१२ डिसेंबर
दुसरी जोडी. काय सांगू! बटण दाबलं आणि घरघर विझली. खाली पट्टा फिरतोय, चाळण्या थरथरताहेत, आवाज म्हणून नाही. सोलापूरच्या व्यापाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू आला. हीच ठेवते, असं अमरेशला कळवून टाकलं.
फोन ठेवल्यावर मात्र एक आवाज मागे राहिला. लांबून, पुरुषाचा. बंद करा, बंद करा, असा. खिडकीतून पाहिलं. कुणी ओरडत नव्हतं.

१५ डिसेंबर, सोमवार
अमरेशला विचारलं. तो म्हणाला, एकसुरी घरघर असते तीच कापली जाते, माणसाचा आवाज थोडाफार आत येतोच. म्हणजे माणूस आहे. मग तो कुठे आहे?
दिवसभर जोड्या बदलून पाहिल्या. कान मोकळा ठेवला की नुसती मशीन. कान बंद केला की तो.
शेवटी मालकांना सांगितलं. ते खिडकीशी गेले आणि खालच्या खड्ड्याकडे बघत सांगू लागले. नऊ वर्षांपूर्वी ग्यानोबा नावाचा हमाल अडकलेली तूर मोकळी करायला जाळी उचलून खड्ड्यात उतरला. कुणाला माहीत नव्हतं. कुणीतरी पट्टा चालू केला. दाण्यांनी त्याला आत ओढलं. ओरडला असणारच. पण या आवाजात कुणालाच—
दहा पावलांवर त्याची बायको दाणे निवडत बसली होती. सिंधुबाई.

१७ डिसेंबर
सिंधुबाई वर आल्या. मालकांनीच सांगितलं असावं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मला बी ऐकू द्या, मॅडम.”
नाही म्हणायला हवं होतं. मीच दुसरी जोडी त्यांच्या कानात घातली, मीच बटण दाबलं. त्या हलल्या नाहीत. डोळे मिटले. मग बोलल्या, “माझं नाव घेऊन राहिलेत. तवा बी घेतलं असंल की.”
जोडी पदराने पुसून परत दिली आणि खाली गेल्या. रडल्या नाहीत.

१८ डिसेंबर
दोन्ही जोड्या डब्यांत बंद. तरीही मधूनच तो आवाज—
सिंधुबाई आज दाणे निवडत नाहीत. जाळीला कान लावून बसल्यात. हाक मारली. मान वर केली नाही.
उद्या येळवस, म्हणजे वेळ अमावास्या; सगळे शेतात पूजेला जातात, मिल बंद. मालकांनी शेतावर भज्जी-आंबील खायला बोलावलंय. जाईन. इथे थांबायचं नाही.

१९ डिसेंबर, येळवस, दुपार
निघाले होते. खड्ड्यावरची जाळी बाजूला सारलेली. काठावर सिंधुबाईंच्या चपला.
हाका मारल्या. खालून म्हणाल्या, “थांबा जरा. ऐकून राहिले मी.”
मालकांचा फोन लागत नाही. सगळं गाव शेतात. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोर शोधायला वर आले—

मशीन सुरू झाली.

मेन स्विच खाली ओढून बंद केला. खालीच आहे. तरी पट्टा फिरतोय.

ओरडून पाहिलं. माझं मलाच ऐकू येत नाही.

कुणी आलं तर कळावं म्हणून लिहिते. सिंधुबाई खड्ड्यात आहेत. दोर मिळाला. त्या जिवंत आहेत का, तेवढं— दुसरी जोडी घातली.

घरघर गेली.

आहेत. सिंधुबाई आहेत. तोही आहे, शेजारीच.

आणखी एक. बाई. खड्ड्यातूनच बंद करा म्हणतेय. घसा फुटेस्तोवर. हा आवाज— ओळखते मी. माझा आहे. पण मी इथे, खिडकीशी, तोंड मिटून