ओलेत्याने धरलेले रोहू

काशी, माघ वद्य पंचमी, शके १८५५

तीर्थस्वरूप सौ. ताईस,
दिनानाथाचे कृतानेक सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. सोडूनच द्यायचा तर मासा पकडावा कशाला, असे विचारतेस. अग, तू दुपारभर सोंगट्या खेळतेस ती काय राज्य मिळवायला? वरुणेचे संथ पाणी, त्यावर उभे तरंगणारे मोरपिसाचे देठ, आणि ते हळूच बुडाले की छातीत जे होते ते मला कीर्तनातही होत नाही. आमच्या शाळेतले भूगोलाचे मास्तर मित्रबाबू यांनी मला गळ शिकवला. त्यांचा मासा कढईत जातो, माझा परत नदीत. माझे आमिषसुद्धा सातूचे पीठ आणि हिंग, त्यामुळे गांडुळाला शिवण्याचे पाप नाही.

गळाचा उलटा काटा मी कानशीने घासून टाकला आहे, म्हणजे तोंड फाटत नाही. माशाला शिवायचे ते हात ओला करूनच. त्याच्या अंगावर सायीसारखा बुळबुळीत थर असतो, तो कोरड्या हाताला निघून आला की मासा पुढे रोगाने मरतो. कल्ल्यात बोट घालायचे नाही, वाळूवर आपटायचे नाही. सोडताना प्रवाहाकडे तोंड करून अलगद धरायचे आणि तो आपणहून निघेपर्यंत वाट पाहायची. हे वाट पाहणे लेकीला, बकुळला, माझ्यापेक्षा चांगले जमते.

तू सुचवलेल्या स्थळाचे पुढे सरकले आहे. काशीनाथपंतांनी आपल्या मुलासाठी, विश्वेश्वरासाठी, बकुळची पत्रिका मागवली. पोरगी तोंडाने काही बोलत नाही, पण त्याचे नाव निघाले की तव्यावरची पोळी करपते. तू निश्चिंत राहा.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.
तुझा, दिनानाथ

सागर, माघ वद्य त्रयोदशी

चि. दिनानाथास,
कालिंदीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या सोंगट्यांना नावे ठेवू नकोस, त्यांच्या तोंडात मी काटा अडकवत नाही. निश्चिंत कशी राहू? काशीनाथपंत दत्तमंदिराचे वहिवाटदार. कुंडातल्या रोहूंना रोज पहाटे स्वतः कणकेच्या गोळ्या घालतात, ते मासे देवाचे म्हणून त्यांना नमस्कार करतात. होणारा व्याही वरुणेवर गळ टाकून बसतो हे त्यांना कळले, तर पत्रिका आल्या पावली परत येईल.

लग्न उरकेपर्यंत तो गळ माळ्यावर टाक. वहिनी गेली तेव्हापासून बकुळच्या लग्नाचा घोर मला लागला आहे, आणि पोरीचे मन तिथे बसले आहे. एवढे माझे ऐक.

प्रकृतीस जपावे आणि बहिणीचे ऐकावे.
तुझी, ताई

काशी, फाल्गुन शुद्ध दशमी

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझे ऐकले होते. गळ माळ्यावर होता. तरीही सगळे बाहेर आले, ते सांगतो.

पौष अवसेच्या भूकंपात मंदिराच्या कुंडाची भिंत फुटली. दुरुस्तीसाठी पाणी उपसायचे आणि मासे तोवर एका बागेतल्या तलावात न्यायचे, असे ठरले. मल्लाहांना, म्हणजे इथल्या कोळ्यांना, बोलावले तर मासे बाजारात जातील, म्हणून पंतांनी त्यांना पायरीसुद्धा चढू दिली नाही. देवाचे मासे, तेव्हा काम सोवळ्यात. आपली मंडळी कोरडे रेशमी मुकटे नेसून उतरली आणि एकेक रोहू मुकट्याच्या घोळात गुंडाळून, पुसल्यासारखा करून वर आणू लागली. भक्ती एवढी की बघवेना. रेशमाला खवले चिकटलेली मला पायरीवरून दिसत होती. दुसऱ्या दिवशी तलावात मासे पालथे तरंगू लागले.

मग मला राहवले नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो की कोरड्या कापडाने तुम्ही त्यांना मारता आहात. संस्कृतच्या मास्तराला हे कसे ठाऊक, असे पंतांनी विचारले. मी खरे ते सांगितले. मी पुढे म्हणालो की कोरड्या रेशमापेक्षा ओलेत्याचे सोवळे कडक, तर सगळ्यांनी गंगेत बुडी मारून अंगावरच्या ओल्या वस्त्रानिशी यावे. वयोवृद्ध ढुंढिराजशास्त्र्यांनी क्षणभर विचार करून मान डोलावली आणि तेच आधी बालाजी घाटाकडे निघाले. मागोमाग बकुळ. उरलेले मासे ओल्या धोतरांतून, पाण्याने भरलेल्या हंड्यांतून सुखरूप गेले.

पंत तीर्थ न घेताच घरी गेले. संध्याकाळी पत्रिका परत आली. बकुळ जेवली नाही. मासे जगले ना, एवढेच तिने विचारले आणि कूस बदलली. ताई, मला फार वाईट वाटते आहे. पण पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा बोलेन.

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझा, दिनानाथ

सागर, फाल्गुन वद्य चतुर्थी

चि. दिनानाथास आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर मनात भांडले. तेवढ्यात पंतांचेच पत्र आले, की हे आपणांस माहीत होते काय? मी कळवले की होय, माहीत होते. माझा भाऊ गळ टाकतो आणि त्या गळाने शिकवले म्हणून आपले रोहू जिवंत आहेत. मुलगी नको असेल तर नको, आमच्या बकुळला स्थळांची वाण नाही. शेवटचे वाक्य खोटे आहे, पण अक्षर ठळक काढले आहे.

पोरीला माझ्यासाठी जवळ घे. तिला जेवायला लाव.
तुझी, ताई

काशी, चैत्र वद्य तृतीया, शके १८५६

ती. सौ. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

कुंडाची भिंत झाली. इकडे ऊन असे तापले की बागेतला तलाव आटू लागला, आणि मासे लवकर परत आणणे भाग पडले. जाळे टाकले तर तळाशी मोडक्या खांबांची गर्दी, जाळे फाटून वर आले. परवा सकाळी काशीनाथपंत आमच्या दारात उभे. बराच वेळ हवापाण्याचे बोलले, मग म्हणाले की तुमचे ते साधन घेऊन याल का. गळ हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. आधी त्यांना पत्रिका पुन्हा मागायला लावायची होती, असे मित्रबाबूंचे मत. मी माळ्यावर चढलो.

काल सगळा महाराष्ट्र मोहल्ला तलावावर लोटला होता. माझी छाती फुगली होती हे तुझ्यापासून कशाला लपवू? सातू आणि हिंगावर रोहू असे आले की मित्रबाबूंना प्रत्येक मासा सोडताना पाहवेना. बकुळ मासा ओल्या कापडात घेई, हंड्यात सोडी, आणि हंड्याबरोबर गाडीतून कुंडावर जाई. शेवटच्या खेपेला मीही गेलो. पंत ओलेत्याने कमरेइतक्या पाण्यात उभे होते. सर्वांत जुना रोहू त्यांच्या हातांत आला आणि निपचित पडून राहिला. मेला म्हणून पंत त्याला सोडू लागले. मी म्हणालो, सोडू नका, थांबा. मग एकाएकी त्याने शेपटीचा असा तडाखा दिला की पंतांचे तोंड भिजले, आणि तो गेला.

पंतांनी तसेच पाण्यातून हात जोडले आणि सगळ्यांदेखत विश्वेश्वरासाठी बकुळ मागितली. मी म्हणालो, तिलाच विचारा. बकुळ पायरीवर शेवटचा मासा घेऊन उभी होती. हातात मासा असताना बोलत थांबू नये, आधी हा घ्या, असे तिने होणाऱ्या सासऱ्याला सांगितले. पंतांनी मुकाट्याने घेतला, धरला, तो निघेपर्यंत धरूनच राहिले. तेव्हा ती पाण्यात उतरली आणि भिजल्या पदरानेच त्यांच्या पाया पडली. ताई, मी रडलो. मुहूर्त वैशाखात आहे. तिच्या आईच्या जागी उभी राहायला तू ये.

लोभ बरोबर घेऊन यावे.
तुझा, दिनानाथ