बधिर जबड्याने सांगितलेली सुवार्ता

प्रिय आत्यास तुझ्या मिशनरी भाच्याचा सप्रेम सलाम,

तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यापासून तू दिवसातून चारदा गच्चीवर जातेस, असं कळलं. (कुणाकडून ते विचारू नकोस.) मी खुशाल आहे. डावा गाल सोडून.

इथे येऊन सात महिने झाले. शिंप्याच्या दुकानावरची खोली मिळाली आहे, तिथेच रविवारची उपासना होते. मंडळी म्हणजे शिंपी आणि त्याची बायको. शिंप्याला ऐकू येत नाही, त्यामुळे माझं प्रवचन मनापासून आवडतं ते त्याला एकट्यालाच. बायकोला ऐकू येतं; ती बटणं लावत बसते. बाकी गावात मी दारोदार हिंडलो. लोक वाईट नाहीत गं. बसवतात, पाणी देतात, आणि मी तोंड उघडलं की त्यांना नेमकं कुठेतरी जायचं असतं. एक गृहस्थ तर मला आत बसवून स्वतःच बाहेर पडले, आणि तासभर मी त्यांची मांजर सांभाळली. दहा मुद्द्यांचं भाषण पाठ केलं होतं. सातव्या मुद्द्यापर्यंत आजवर फक्त ती मांजर पोचली. खरं सांगतो, गेल्या महिन्यात मी परत यायची पिशवी भरली होती.

तेवढ्यात दाढ ठणकायला लागली. इथल्या दाताच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कडक. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, इंजेक्शन दिलं, तोंडात कापूस कोंबला आणि मग विचारलं, काय करता तुम्ही? (हा प्रश्न सात महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून विचारला होता, आत्या, आणि मला उत्तर आलं ते “आँ”.) मी हाताने खुणा केल्या. त्या मला शिंपी समजल्या. मग मी खिशातलं छोटं शुभवर्तमान काढून दाखवलं.

बाईंनी ते हातात घेऊन पाहिलं. जबडा बधिर व्हायला वेळ होता, त्या स्टुलावर बसल्या आणि बोलू लागल्या. आई आजारी असताना बहिणीने त्यांना तीनदा निरोप धाडला होता. बाईंना वाटलं, बहीण उगाच घाबरवते आहे. दवाखाना बंद करून कोण जाणार? आई गेली. नऊ वर्षं झाली, त्या बहिणीच्या दारी गेलेल्या नाहीत. लाज वाटते, म्हणाल्या. मी बोलू शकत नव्हतो, म्हणून ऐकत होतो. मला वाटतं, मिशनरी झाल्यापासून कुणाचं शेवटपर्यंत ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ. शेवटी त्यांनी कापूस काढला आणि विचारलं, “तुमच्या देवाकडे माझ्यासारखीला माफी असते?”

दहापैकी एकही मुद्दा आठवला नाही. ओठ जागेवर नव्हते, हनुवटीवरून लाळ ओघळत होती, आणि मी म्हणालो, “अशते, बाई. आधीश दिलीये.”

त्या हसल्या, मग रडल्या, आणि मग दाढ काढली. (रडत्या डॉक्टरने दाढ काढण्याचा अनुभव मी तुला सुचवणार नाही.)

परवा रविवारी जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टरीणबाई, आणि मागून धापा टाकत त्यांची बहीण. दोघी एकाच चटईवर बसल्या. मी गायला लागलो, तर दोघीही मोठ्याने आणि चुकीचं गाऊ लागल्या. शिंप्याच्या बायकोने बटणं खाली ठेवली. आत्या, इतका आनंद मला झाला की मी प्रवचनच विसरलो, आणि कुणी तक्रार केली नाही. पिशवी रिकामी करून टाकली.

तुझा लाडका भाचा

ता. क. पुढच्या महिन्यात चार दिवस इकडे ये. जिना एकच आहे. त्याच चार दिवसांत बाबाही येणार आहेत. काकांच्या लग्नात तू बेसूर गातेस असं ते चारचौघांत म्हणाले, त्याला अकरा वर्षं झाली. परक्या बाईला माफीचं सांगून आलो, पण घरात विषय काढायची मला आजवर छाती झाली नाही.

ता. ता. क. हेच पत्र बाबांनाही लिहिलं आहे, फक्त गुडघ्यांच्या जागी रक्तदाब घालून. पाकिटं घाईत बंद केली. यात कुठे रक्तदाब आढळला, तर तुझं पत्र त्यांच्याकडे गेलंय असं समज आणि जाऊन मागून घे.