मर्डॉकची दुसरी बोट

प्रिय आईस,
अल्बर्टाच्या बर्फातून एफीचा गोड पापा.

मी मजेत आहे. खाणीवरचं जेवण पोटभर असतं, फक्त तुझ्या हातची चव नाही. गुडघा कसा आहे तुझा?

आपल्या मर्डॉकने शेवंडं धरायला दुसरी बोट घेतली ना? “माझा पोरगा भारी महत्त्वाकांक्षी!” असं चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटलीस म्हणे. मी इथे ट्रक चालवायला निघाले, तेव्हा म्हणालीस, “एफे, किती गं तुझी हाव!” त्याने केलं की महत्त्वाकांक्षा, मी केलं की हाव. जळतेच मी त्याच्यावर, लपवत नाही.

काल मला सगळ्या ट्रकवाल्यांची मुकादम केलं. रविवारी चर्चमध्ये हेही सांग. तेव्हा तोंडात कोणता शब्द येतो, तेवढं मला कळव.

तुझीच,
एफी