मुलुखिया खाली बसली

शुक्रवार, ११ जुलै
मुलुखिया खाली बसली. पाल्याची ही पातळ भाजी एकजीव हवी; झाली वर पाणी, तळाला पाला. तेही नणंद जेवायला आलेली असताना! सशाचा रस्सा माझा, पुढचं सगळं रबाबचं. म्हटलं, नव्या सुनेच्या हातची होऊ दे. इन्शिराह वाडग्यात बघून म्हणाली, "वहिनी, यात बदकं सोडायची का?" सगळे हसले. मला झोंबलं. बोलून गेले — "लसणाची फोडणी ओतताना मोठ्यानं श्वास ओढून दचकली नसेल. बाई दचकली नाही तर मुलुखिया बसणारच. आई असती तर शिकवलं असतं हिला."

तिची आई ती लहान असतानाच गेली. मला ठाऊक होतं.

रबाबनं भांडी घासली. पिशवी भरली. बापाकडे गेली.

शनिवार
आली नाही.

सोमवार, १४ जुलै
पोरगा, वाइल, माझ्याशी बोलत नाही. बायकोला आणायलाही जात नाही. आज माझं लक्ष नव्हतं, फूल, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ, करपलं. वरचे दाणे हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात काढले, तळ खरवडला नाही, लिंबू-जिरं घातलं. वास गेला. पोरगा जेवला.
करपलेलं असं वेगळं काढता येतं. बोललेलं कुठून काढू?

बुधवार
शेजारणीला विचारलं, बसलेली मुलुखिया वर येते का. म्हणाली, "ताजा पाला चिरून टाक, उकळू नकोस. पण सून घरात होती तेव्हा विचारायचं होतंस गं." करून पाहिली. आली थोडी वर. खायला कोण आहे?

गुरुवार, १७ जुलै
वाइल शेवटी बोलला. "आई, त्या दिवशी झाकण कोणी ठेवलं?"
मुलुखियावर झाकण ठेवत नाहीत. बसते. मी म्हटलं, तिनंच ठेवलं असेल.
"तू ठेवलंस. आत्या दारात आली, तू माशा बसतील म्हणून झाकून गेलीस. रबाब काढायला गेली तर म्हणालीस, हात लावू नकोस."
म्हणाले होते. आणि पोरगी सगळ्यांसमोर गप्प बसली.

शुक्रवार, १८ जुलै
ससा घेऊन तिच्या बापाकडे गेले. दारातच सांगितलं, झाकण माझं होतं. "माहीत आहे," म्हणाली. आत घेतलं. दोघींनी पाला चिरला. फोडणी तिनं ओतली — अशी दचकली की बाहेर बसलेला बाप उठून आला. मुलुखिया बसली नाही. पातेल्यातच बघत म्हणाली, "आईनं एवढंच शिकवलं होतं."
परत चल म्हणायला जीभ रेटली नाही. एकटीच आले.