बरणीतला ग्रेनाश

दिंडोरी, १८ फेब्रुवारी २००४

ती. सौ. कॅथरिनताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा धाकटा भाऊ मळ्यात सुखरूप आहे, फक्त मालकाशी वाद चालू आहे. मी हट्टाने लावलेल्या ग्रेनाशच्या वेलींना यंदा पहिलं पीक आलं. हे स्पेनकडचं द्राक्ष. ऊन सोसतं, वारा सोसतं आणि इतकं गोड होतं की बोटं चिकटतात. पण साल पातळ, त्यामुळे रंग फिका उतरतो. आमच्या अल्पेशशेठनी रस पेल्यात धरून नुसता बघितला आणि म्हणाले, रेड वाइन लाल दिसली पाहिजे. यासाठी टाकी अडवणार नाही, एप्रिलमध्ये वेली छाटून दुसरं कलम बांध.

निदान एकदा चाखा, असं म्हटल्यावर कसेबसे कबूल झाले. महिनाभराने मुंबईला जाताना वाट वाकडी करून गासला तुझ्याकडे थांबतील. म्हणून सगळं पीक भाजीच्या टेंपोतून तुझ्याकडे पाठवतोय. तुझ्यासारखी वाइन अख्ख्या गासमध्ये होत नाही, हे लाडीगोडीने म्हणत नाही. बरं, थोडं लाडीगोडीने. घरच्या वाइनला घालतेस तसं साखर, गहू, पाणी काही घालू नकोस. तुझ्या सासूबाई मेरीमावशींना नमस्कार.

या खेपेला लोभाबरोबर जरा मेहनतही असू द्यावी.
तुझा मार्सेल

गास, १४ मार्च २००४

चि. मार्सेल यास अनेक आशीर्वाद.

द्राक्षं चुरून बरण्यांत भरली, फडकी बांधली, रोज लाकडी डावाने ढवळली. साखर नाही, गहू नाही, असं कळल्यावर सासूबाईंनी नाक मुरडलं. त्यांच्या मते ही वाइन नव्हेच. आणि गाळून बघते तर रंग कोकम सरबताचा! अरे, आपल्याकडे लग्नात अशी फिकी वाइन आली तर यजमानाने पाणी ओतलं म्हणून गावभर होतं. तुझ्या शेठसमोर मी असली वाइन ठेवू?

मग आई करायची तशी साखर जाळून काळा पाक केला आणि बरण्यांत ओतला. आता बघ कशी गर्द दिसते! चाखली मात्र नाही. उपवासकाळ चालू आहे. ईस्टरपर्यंत या घरात वाइनला कोणी तोंड लावत नाही, हे तुला माहीत आहे. पण माझा हात कधी चुकलाय? तू निर्धास्त राहा.

जेवणखाण वेळेवर कर आणि बहिणीवरची माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

दिंडोरी, १९ मार्च २००४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

जळकी साखर! आता चव तिचीच लागणार आणि शेठ म्हणणार, द्राक्षच असलं. गुरुवारी ते तुझ्याकडे येतायत. माझ्याजवळ एक घडही उरलेला नाही. तीन वर्षं लेकरासारख्या जपल्यात त्या वेली. त्या छाटल्या तर माझं मन इथे लागायचं नाही, खरंच सांगतो. काहीतरी कर.

रागावलोय, तरी लोभ आहे तो आहेच.
मार्सेल

गास, २७ मार्च २००४

चि. मार्सेल यास अनेक आशीर्वाद.

आधी माझी चूक पोटात घाल. शेठ आले, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, खोकल्याचं औषध लागतंय, आता विचार करायला नको. पाकाची करणी माझी, द्राक्षाची नव्हे, असं मी परोपरीने सांगितलं. ते हसून उठलेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं रे.

तेवढ्यात सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या, हातात अर्धी रिकामी बाटली. मी चुलीपाशी पाक करत होते तेव्हाच बाईंनी बरणीतून भरून खाटेखाली लपवली होती. वाइन नव्हे म्हणणाऱ्या याच! माझ्याकडे न बघता त्यांनी शेठना बसवलं आणि पेला भरला. शेठनी नाखुशीने घोट घेतला, मग सावकाश दुसरा. म्हणाले, आधी पिकलेल्या फळासारखी आणि मागून मिरी चावल्यासारखी. पेला संपवून त्यांनी तो स्वतःच पुढे केला. निघताना म्हणाले, मार्सेलला सांगा, एकाही वेलीला हात लावायचा नाही, आणि पुढच्या वर्षी टाकी देतो.

उपवासकाळात चोरून पिणं उघड केलं ते केवळ तुझ्यासाठी, म्हणून मी त्यांचे हात धरले आणि म्हटलं, आता फादरांकडे पापकबुलीला जाऊन या. म्हणाल्या, कबूल सगळं करीन. पण पश्चात्ताप झाला असं देवळात बसून खोटं कसं बोलू?

आम्हा दोघींवर सारखाच लोभ ठेव.
तुझी ताई