कृणालचा कट

सोमवार, ३ मार्च. सकाळी ८.१०
जिन्यात नमिता श्वेताला सांगत होती, काल कृणालने काय कट मारला गं! अगदी अंगाला घासून. अजून छातीत धडधडतंय.
काल टर्फवर कृणालची मॅच होती. म्हणजे लेट कट. बॉल अंगाजवळ येऊ द्यायचा आणि शेवटच्या क्षणी बॅट आडवी. यात धडधडण्यासारखं काय आहे?
मी जळत नाही. फक्त नोंद ठेवली.

मंगळवार, ४ मार्च
संकल्प : रविवारपर्यंत लेट कट. नववीत शाळा सुटली तरी माझं शुद्धलेखन पक्कं आहे. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ जमतं, त्याला कट का जमू नये?
गॅलरीत आईच्या धोपाटण्याने सराव. शेजारच्या शांताबाईंची कुंडी मधे आली.

बुधवार, ५ मार्च
कृणाल गेटवर उभा होता. नमिता त्याच्याकडे न बघता, मान वळवून गेली. लाजली. मला बघून एकदाही अशी लाजलेली नाही.

शुक्रवार, ७ मार्च
कॅप्टन जयवंतच्या हातापाया पडून टीममध्ये जागा मिळवली. मग नमिताला सांगितलं, रविवारी मीही कृणालसारखा कट मारणार, खास तुझ्यासाठी. म्हणाली, मारूनच बघ रे, मग दाखवते तुला!
'रे' म्हणाली. काय दाखवणार, ते विचारलं नाही. घाई नको.

रविवार, ९ मार्च. दुपारी १.३०
पहिलाच बॉल सरळ स्टंपवर. सरळ बॉलला कट मारत नाहीत, हे जयवंतने नंतर सांगितलं. शिव्यांसकट.
नमिता आली नव्हती. बरंच झालं. कृणालही नव्हता. घाबरला असणार.

संध्याकाळी ६.०५
नमिता गेटवर स्कूटी पुसत होती. आरसा नवा. विचारलं, मॅचला का नाही आलीस? म्हणाली, कसली मॅच? मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. मग तो कट? म्हणाली, अरे, हायवेवर बाइकने कट मारला ना त्याने! आरसाच उडाला माझा. आठवडाभर तोंड नाही बघितलं मेल्याचं. आज स्वतःहून आला, सॉरी म्हणाला, गॅरेजला नेऊन आरसा बसवून दिला. मग पाणीपुरी खाल्ली आम्ही. तसा चांगला आहे रे तो. तू मात्र कट-बिट मारू नकोस हं, कुणीतरी मरेल.
सांगितलं, माझ्याकडे सायकलसुद्धा नाही.
घरी येऊन सोमवारची नोंद तपासली. 'कट' शुद्ध लिहिला होता. एकही चूक नाही.