खोकलीबाई

४ जानेवारी १९९९, सोमवार

एकतीस वेळा! आज एका दिवसात एकतीस जणांनी 'खों खों' लिहिलं. कलकत्त्याच्या एकाने बढाई मारली — म्हणे कधीच न झळकलेल्या एका सिनेमाच्या सगळ्या तबकड्या आहेत त्याच्याकडे. झालं! अख्खा गट तुटून पडला.

शब्द माझा. मलाच हसू येतं. क्लासच्या वरच्या मजल्यावर इंटरनेटचं दुकान निघालं, तिथे जुन्या सिनेगीतांच्या शौकिनांचा हा मेलवरचा गट सापडला. ऐंशीएक माणसं, दुबईपासून नागपूरपर्यंत. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांची भाषा शिकण्यातच महिना गेला. तडा गेलेली तबकडी म्हणजे 'पापड'. खरखर फार असली की 'भजी तळताहेत'. दुर्मिळ गाणी गिळून बसतो, कुणाला देत नाही, तो 'अजगर'. आणि सत्तावन्न सालच्या एका झुल्याच्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या आधी, कोरसमधली एक बाई चक्क खोकते. सप्टेंबरात मी लिहिलं — ही आपली 'खोकलीबाई'. तेव्हापासून कुणी थाप मारली की सगळे तिच्यासारखे खोकतात.

टायपिंग क्लासच्या बाईला एरवी कोण विचारतं? तिथे 'बोरसेभाई, बोरसेभाई' करतात. मी बाई आहे हे सांगायचं राहूनच गेलं.

७ जानेवारी, गुरुवार

यंत्रं दहा, मुली चार. सहा यंत्रं झाकून ठेवली. दुपारपासून तीनदा जिना चढले — नवीन मेल नाही. एका जागी बसवतच नाही.

१२ जानेवारी, मंगळवार

जळगावातल्याच मेहरूणहून एक म्हातारी आली. वच्छलाबाई. सत्तरीची, ताठ, चष्म्याला दोरा बांधलेला. अर्ज टाइप करून हवा होता — वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा. आयुष्य शिवणावर काढलं, आता सुईत दोरा ओवता येत नाही म्हणाली.

"कला कोणती लिहू?" मी सवयीने विचारलं.

"सिनेमामा गायेल शे मी."

माझी बोटं थांबली. "एकटीने?"

"नही वो. मागे. बठ्ठ्यासना मागे."

सगळ्यांच्या मागे — सहा वर्षं मुंबईला कोरसमध्ये. नाव कुठेच छापलेलं नाही. समिती पुरावा मागते. गेल्या साली अर्ज परत आला — साहेब म्हणाले, "आजी, गाणी तर मीपण म्हणतो." या खेपेला महिनाअखेरीच्या आत पुरावा जोडायचा, नाहीतर नाव कायमचं कटणार.

"शेवटचं गाणं कोणतं होतं?"

तिने झुल्याचं गाणं सांगितलं. तेच, आमच्या खोकलीबाईचं!

"मधमा खोकला ऊना. निर्माताले घाई, तशीच तबकडी निघनी. त्याच दिवशी माले काढी टाकं." पुन्हा कुणी मायक्रोफोनपुढे उभं केलं नाही. "एक खोकला, माय. तेवढामा सरनं बठ्ठं."

'मानधन' हा शब्द तीनदा चुकला माझा. सव्वीस वर्षं टायपिंग शिकवते मी!

१३ जानेवारी, बुधवार

गटावर आज बावीस खों खों. एकही मेल वाचवेना.

१८ जानेवारी, सोमवार

पाच दिवस नुसती घरात, क्लासात येरझाऱ्या. शेवटी आज लिहिलं. सगळं. खोकलीबाई खरी आहे, जळगावात राहते, म्हातारी झाली, तिला पुरावा हवा. कुणाकडे जुना कागद, फोटो, काही? तिचं नाव तेवढं लिहिलं नाही — चारचौघांत कशाला? आणि मीही बाई आहे, हेही सांगून टाकलं एकदाचं.

उत्तरं आली. खों खों. मग खों खों. मग खों खों खों. एकाने लिहिलं — "वर्ष लागून अठराच दिवस झाले, पण या वर्षाची थाप तुमचीच, बोरसेभाई!"

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणावर रागावू?

२२ जानेवारी, शुक्रवार

अजगराची मेल! फक्त मला! गटातला सगळ्यात मोठा अजगर हा. कुठल्याही गाण्याची बारीकसारीक माहिती देणार, पण दोन वर्षांत एक गाणं कुणाला भरून दिलं नाही. आम्ही त्याला अमेरिकेत समजत होतो. लिहितो — "बाईंचं नाव वच्छला का? असेल तर येऊन जा. देवपूर, धुळे."

नाव मी लिहिलंच नव्हतं!

२४ जानेवारी, रविवार

सकाळची एसटी. पारोळ्यापर्यंत उभीच.

अजगर म्हणजे चुडामण नाना. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, काडीसारखे. मेल भाच्याच्या कॉलेजातून करतात. दोन खोल्या, पलंगाखालीसुद्धा तबकड्या. चहा देताना त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "मला पाय पसरायला जागा नाही, यांच्या गाणाऱ्या बायांना आहे!"

मी सरळच विचारलं, "नाना, तुम्ही कुणाला काही देत का नाही?"

ते खाली बघत म्हणाले, "कशावर भरून देऊ? टेप सहा वर्षांपासून बंद आहे. सांगायची लाज वाटते. अजगर म्हणतात ते बरं."

माझ्यासाठी मात्र त्यांनी जावयाची टेप मागवली होती. झुल्याचं गाणं भरून दिलं. भजी अजिबात नाहीत, स्वच्छ! मग लोखंडी पेटीतून एक पत्र काढलं. त्या गाण्यात साथ करणाऱ्या सारंगीवाल्याने त्यांना ब्याऐंशी साली लिहिलेलं. ते गृहस्थ आता नाहीत. हिंदीत होतं, नानांनी बोट ठेवून वाचलं — गाण्यात खोकलेली मुलगी खानदेशातली वच्छला, कोरसमध्ये सहा वर्षं गायली, त्या दिवशी तिला काढलं ते आम्हा वादकांनाही आवडलं नाही. खाली सही, तारीख.

"अहो नाना, हे मूळ पत्र?"

"मी ते जपून काय करू? ज्यांचं आहे त्यांना द्या."

अजगराने तोंड उघडलं! परतताना जळगावपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

२७ जानेवारी, बुधवार

मुलींना सुट्टी दिली. वच्छलाबाईंना बसवून पत्र वाचून दाखवलं.

"नाव लिखेल शे मनं?" एवढंच म्हणाल्या.

मग कॅसेट लावली. बेचाळीस वर्षांत त्यांनी हे गाणं पुरतं ऐकलं नव्हतं — रेडिओवर लागलं की उठून बाहेर जायच्या. आज बसल्या. खोकला आला आणि त्यांनी माझा हात धरला.

"परत लाव."

लावलं.

"परत."

सात वेळा! गाणं नाही, नुसता तो खोकला. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मला ते बघवेना. सांगून टाकलं — थट्टा मी सुरू केली, ऐंशी माणसं तुमच्यावर हसली, माझं चुकलं. त्यांना ऐकूच गेलं नाही. कॅसेट काढून पदरात बांधली आणि उठल्या. पत्र टेबलावर तसंच.

"अहो, हे जोडायचंय ना उद्या!"

"परवा येसू."

इतका जुना अपमान, आणि अजून इतका ओला? की माझ्यावर रागावल्या? कशात लक्ष नाही. संध्याकाळी भाजी करपली.

२९ जानेवारी, शुक्रवार

आल्या. बसल्या नाहीत. मी पत्र पुढे केलं, त्यांनी परत सारलं.

"तो खोकला मना नही शे. मनी धाकली बहीण, मंजुळा — मना शेजारे उभी व्हती. तिले क्षय व्हता. कळतं ते खोलीमाईन बी काढी टाकतात तिले. मी सांगं, मीच खोकलनू."

पुढच्या होळीच्या आत मंजुळा गेली. फोटोसुद्धा नाही.

"तिना तेवढाच आवाज ऱ्हायना शे, माय. तो इकीसन खाऊ का मी?"

तो आवाज विकायचा नव्हता त्यांना. अर्ज नेलाच नाही. दारातून वळून विचारलं — "कॅसेट घसाई गयी ते दुसरी भरी देशी ना?"